अफवा, दंतकथा की घडलेली गोष्ट? मुंबईच्या इतिहासातून मुलांना पारख शिकवण्याची पद्धत

मुलांना अफवा ओळखायला शिकवण्याचे बहुतेक प्रयत्न एकाच जागी फसतात. मोठी माणसं निकाल आधी सांगून टाकतात. 'हे सगळं थोतांड आहे' या वाक्याने तास सुरू झाला की मुलांना उत्तर पाठ करण्यापलीकडे काही उरत नाही. पुढच्या महिन्यात नवी अफवा आली की तीच मुलं ती बिनधास्त पुढे पाठवतात, कारण उत्तर पाठ झालेलं असतं, शोधायचं कसं ते नाही.

दुसरी चूक म्हणजे आजच्या गरम विषयाला थेट हात घालणं. काल घरच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेला मेसेज वर्गात काढला की मूल पुरावा बघत नाही, काकांची बाजू घेतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अफवेत घरातल्या कुणाची अब्रू अडकलेली नसते. पुढे काय झालं ते ठाऊक असतं आणि कागदपत्रंही शिल्लक असतात. म्हणून आधी जुनं, मग आजचं. हा क्रम उलटवू नका.

खालची पद्धत पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आहे. शाळेत 35-40 मिनिटांचे निदान सात तास लागतील. घरी रविवारी एक टप्पा केला तरी चालेल, पण दोन टप्पे एका बैठकीत कोंबू नका.

## तयारी

वर्गाचे चार-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला पाठकोऱ्या कागदाच्या 15-20 चिठ्ठ्या, एक वही आणि पेन्सिल द्या. वहीच्या पानावर पाच रकाने आखायचे: दावा, कोणी सांगितलं, घटनेनंतर किती काळाने, पुरावा काय, निकाल. निकालाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: खरं, खोटं, अर्धवट, पुरावा अपुरा. चौथा शब्द मुलांना आवडत नाही, त्यांना हरल्यासारखं वाटतं. तो पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठा लिहा आणि योग्य जागी वापरणाऱ्या गटाला इतरांइतकेच गुण द्या.

शिक्षकाने किंवा पालकाने प्रत्येक प्रकरणाचं एक पानी टिपण आधी तयार ठेवावं, तारखा आणि नावांसह. मुंबईपुरतं बोलायचं तर 1909-10 साली निघालेलं मुंबई शहराचं तीन खंडी गॅझेटिअर, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली जुनी पुस्तकं आणि जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं यांवर काम भागतं. मुलांना इंटरनेटवर मोकळं सोडू नका. पहिल्या दहा निकालांत तीच दंतकथा दहा वेळा सापडते आणि मुलं तिला दहा पुरावे समजतात.

तपासा: प्रत्येक टिपणात निदान एक तारीख, एक ठिकाण आणि एक नाव आहे का? नसेल तर ते प्रकरण वापरू नका.

## टप्पा 1: दावा एका वाक्यात लिहा, मग फोडा

सुरुवात 1896 च्या प्लेगपासून करा. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचं निदान केलं. थोड्याच दिवसांत शहरात बोललं जाऊ लागलं की आर्थर रोडच्या रुग्णालयात नेतात ते मारून टाकायला. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

मुलांना एवढंच सांगा. खरं काय होतं ते सांगू नका. 'लोकांना दवाखान्यात नेऊन मारत होते' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्याचे जितके तुकडे पडतील तितक्या चिठ्ठ्या करायला सांगा. साधारण अशा निघतात:

- लोकांना रुग्णालयात नेलं जात होतं.
- काहींना इच्छेविरुद्ध नेलं जात होतं.
- नेलेल्यांपैकी पुष्कळ जण तिथे मेले.
- त्यांना तिथे मुद्दाम मारलं गेलं.

पहिले तीन तुकडे खरे निघतात, चौथा खोटा. अफवेत हेच होतं. तीन खऱ्या विटांवर चौथी खोटी रचलेली असते आणि अख्खी भिंत खरी वाटते. 'अफवा खरी की खोटी' असा एकच प्रश्न विचारला तर मुलं चारही तुकडे एकदम स्वीकारतात किंवा एकदम फेकून देतात.

नेहमीची चूक: 'लोक घाबरले होते' किंवा 'इंग्रज वाईट होते' अशाही चिठ्ठ्या येतात. त्या फाडू नका. 'भावना आणि मतं' अशा वेगळ्या ढिगात ठेवा. टप्पा 4 मध्ये त्या लागतात.

## टप्पा 2: दाव्याची जात ओळखा

प्रत्येक दावा तपासता येतोच असं नाही. मुलांनी चिठ्ठ्या तीन ढिगांत वाटायच्या: तपासता येईल, आता तपासता येणार नाही, तपासण्याचा प्रश्नच नाही.

याला वरळीच्या बांधाची गोष्ट उत्तम. अठराव्या शतकात वरळी आणि मुंबई बेटांमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात तिथे बांध घालण्यात आला, तो हॉर्नबी वेलार्ड. दंतकथा सांगते की बांध पुन:पुन्हा ढासळत होता, रामजी शिवजी प्रभू या इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची कथा हीच.

खिंडार होतं आणि बांध झाला, हे तपासता येतं. जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवा. बांध किती वेळा ढासळला, हे हिशेबाचे कागद मिळाले तर तपासता येईल. इंजिनिअरला स्वप्न पडलं का, हे आज कुणालाही तपासता येणार नाही. आणि देवीवर श्रद्धा ठेवावी की नाही, हा या वहीतला दावाच नाही.

सावधान: या टप्प्यावर कुणाच्याही श्रद्धेची थट्टा झाली की तास संपला असं समजा. मूल घरी जाऊन सांगेल, 'बाई म्हणाल्या आपला देव खोटा.' स्पष्ट नियम ठेवा: आपण घडलेल्या गोष्टीचा दावा तपासतो, कुणाची पूजा तपासत नाही. मात्र श्रद्धेच्या नावाखाली कुणाला इजा होत असेल, औषध बंद केलं जात असेल किंवा पैसे उकळले जात असतील, तर ती गोष्ट या नियमात बसत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. मोठ्या मुलांना हा फरक दोन वाक्यांत सांगितला तरी पुरे.

## टप्पा 3: कोणी सांगितलं, आणि किती काळाने?

हा टप्पा मुलांना गुप्तहेरगिरीसारखा वाटतो, म्हणून इथे वेळ द्या. प्रकरण अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलचं.

मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं की ताज उलटा बांधला गेला. पुढचा भाग चुकून मागे आला आणि ते पाहून वास्तुविशारदाने वरून उडी मारली. चिठ्ठ्या करा: हॉटेल उलटं आहे, ते चुकून झालं, वास्तुविशारदाने आत्महत्या केली. मग मुलांना आधी फक्त या तारखा द्या:

- हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी.
- गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी 1911 मध्ये, उद्घाटन 1924 मध्ये.
- मूळ काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं.

दहा मिनिटं थांबा. एखादं तरी मूल म्हणेलच की गेटवेच नव्हता, मग 'पुढची बाजू' गेटवेकडे असायला हवी हे ठरवलं कुणी? आज आपण गेटवेच्या पटांगणात उभे राहून पाहतो म्हणून आपल्याला ती बाजू पुढची वाटते. 1903 मध्ये घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून मूळ प्रवेश तिकडून होता. आज त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. आणि ज्या वैद्यांनी आराखड्यावर काम केलं ते इमारत पुरी झालेली पाहायला हयातच नव्हते.

आता वहीतला तिसरा रकाना भरायला घ्या. घटनेच्या दिवशीचा कागद, त्याच वर्षीचा, दहा वर्षांनंतरचा, पन्नास वर्षांनंतरची आठवण, 'असं म्हणतात', अशा पायऱ्या पाडा. सांगणारा घटनेपासून जितका लांब, तितका जास्त पुरावा मागायचा.

नेहमीची चूक: जुना कागद म्हणजे खरा कागद असं मुलं धरून चालतात. तसं नाही. टप्पा 6 मधलं गोदीचं प्रकरण नेमकं यासाठीच आहे.

तपासा: मुलं 'आजोबा खोटं बोलतात' असं म्हणायला लागली का? लागली असतील तर थांबा. आजोबांनी ऐकलं तेच सांगितलं. सांगोवांगी गोष्ट पुढे सांगणं आणि मुद्दाम खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा 4: लोकांना खरं का वाटलं?

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात. मग मुलं शिकतात की जुने लोक अडाणी होते आणि आपण हुशार. असा समज झालेलं मूल पुढच्या अफवेला सगळ्यात आधी बळी पडतं.

पुन्हा प्लेगकडे या. बाजूला ठेवलेल्या भावनांच्या चिठ्ठ्या आता काढा. घरात शिरून झडती घेतली जात होती, आजाऱ्याला घरच्यांपासून तोडून नेलं जात होतं, सामान जाळलं जात होतं. 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला मोठे अधिकार मिळाले. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली. रोगी रुग्णालयात पोचायचे तेच शेवटच्या अवस्थेत, त्यामुळे तिथून परत येणारे थोडे. चाळीतल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एवढंच होतं की माणूस गाडीतून गेला आणि परत आला नाही.

मग मुलांना आणखी तीन चिठ्ठ्या द्या, सगळ्या त्याच काळातल्या. कोणत्या खऱ्या, ते आधी अंदाजाने लिहायला सांगा:

1. प्लेग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो. (अधिकारी आणि अनेक डॉक्टर)
2. उंदीर पटापट मरून पडू लागले की पाठोपाठ माणसांत प्लेग येतो. (मांडवीच्या धान्याच्या वखारींत आणि इतरत्र सामान्य लोक)
3. एका शास्त्रज्ञाने लस आधी स्वतःलाच टोचून घेतली.

जवळजवळ प्रत्येक वर्गात पहिली चिठ्ठी 'खरं' आणि दुसरी 'अंधश्रद्धा' ठरते. निकाल उलटा आहे. सरकारने गटारं धुऊन काढली, जंतुनाशकं ओतली, साथ थांबली नाही. 1898 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरच्या पिसवांचा संबंध दाखवला, पण तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यावरचं महत्त्वाचं संशोधन परळमध्येच झालं. तिसरी चिठ्ठीही खरी. वाल्देमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला लस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

यातून मुलांच्या हाती लागायला हवं ते हे: सांगणाऱ्याचा हुद्दा हा पुरावा नव्हे, आणि सांगणारा अशिक्षित असणं म्हणजे अंधश्रद्धेचा पुरावा नव्हे.

आठवी-नववीसाठी एक अवघड चिठ्ठी ठेवा: 'लशीमुळे माणसं मेली.' 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. ती बाटली दूषित झाली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले. निकाल 'अर्धवट' येतो. घटना खरी, पण तिच्यावरून लस घातक ठरत नाही. ही चिठ्ठी पाचवीला देऊ नका. लहान मुलं फक्त 'लस, मृत्यू' एवढंच घरी नेतात.

## टप्पा 5: करून पाहा

दोन प्रयोग पुरतात.

दूध पिणारी मूर्ती. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देवळांसमोर रांगा लागल्या. ऑगस्ट 2006 मध्ये तेच पुन्हा झालं.

साहित्य: मातीची किंवा प्लास्टरची लहान बाहुली, स्टीलचा 5 मिलीचा चमचा, 50 मिली दूध, खाण्याचा लाल रंग, ताटली, औषधाच्या बाटलीचं माप.

1. बाहुली पाण्याने ओली करून ताटलीत ठेवा.
2. चमचा काठोकाठ भरा, बाहुलीच्या पुढे आलेल्या भागाला कड टेकवा आणि चमचा किंचित कलता धरा. दूध 'ओढलं' जाईल.
3. आता दुधात चार-पाच थेंब रंग घालून तेच करा. लाल ओघळ अंगावरून खाली उतरताना दिसेल.
4. चमचा थोडा कमी भरा, बाहुलीच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. काहीही होणार नाही.
5. पाच चमचे 'पाजून' ताटलीतलं दूध मोजा. 25 मिलीपैकी बरंचसं परत मिळतं. उरलेलं अंगावर पातळ थरात राहतं किंवा मातीत मुरतं.

पृष्ठताणामुळे चमच्याच्या वर फुगलेलं दूध ओल्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पुढे गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळतं. पांढऱ्या दुधाचा पातळ थर ओल्या मूर्तीवर डोळ्याला दिसत नाही. 1995 मध्येही वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं होतं.

सावधान: घरच्या देव्हाऱ्यातली मूर्ती घेऊ नका. प्रयोग बरोबर येईल, पण घरात भांडण होईल आणि मुलाच्या लक्षात भांडणच राहील. चौथी पायरीही गाळू नका, नाहीतर 'बाहुलीपण पिते!' असं म्हणणारं एक तरी मूल निघतंच.

माहीमचं गोड पाणी. 18 ऑगस्ट 2006 च्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि लोक बाटल्या भरभरून नेऊ लागले. काहींनी ते प्यायलंही.

1. एक लिटर पिण्याच्या पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचं पाणी साधारण इतकंच खारट असतं.
2. त्यातलं 100 मिली 900 मिली साध्या पाण्यात मिसळा.
3. या दुसऱ्या भांड्यातलं 100 मिली 400 मिली साध्या पाण्यात मिसळा.
4. प्रत्येकाने स्वतःच्या चमच्याने तिन्ही थेंबभर चाखायची. तिसरं बहुतेकांना खारट लागत नाही.
5. ग्लासात अर्धं पहिलं खारं पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून, अगदी सावकाश, रंगीत साधं पाणी सोडा. रंगीत थर वर तरंगत राहतो. वरून धार सोडलीत तर दोन्ही मिसळतात आणि प्रयोग फसतो.

माहीमच्या खाडीत मिठी नदी येऊन मिळते. पावसाळ्यात तिचं गोडं पाणी जोराने उतरतं आणि हलकं असल्याने वरच्या थरात राहू शकतं. म्हणजे 'चव बदलली' हे खरं असू शकतं. 'चमत्कार झाला' आणि 'पाणी पिण्याजोगं आहे' या वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, आणि शेवटची धोकादायक आहे. मिठीत काय काय सोडलं जातं ते मुंबईच्या मुलांना सांगावं लागत नाही. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी नमुना म्हणूनसुद्धा तोंडाजवळ न्यायचं नाही.

## टप्पा 6: खरी निघालेली 'अफवा' घाला

सलग पाच खोट्या गोष्टी पाहिल्या की मुलं न वाचताच 'खोटं' लिहू लागतात. त्यावर उतारा 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटाचा. चिठ्ठ्या दोनच:

1. जपान्यांनी मुंबईवर बॉम्ब टाकले.
2. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या.

दुसरी चिठ्ठी वाचून वर्ग हसतो. हसू द्या. मग टिपण वाचा. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोनं होतं. कापसाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासात दुसरा. सोन्याच्या विटा उडाल्या. एक तर गोदीपासून लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली. पुढे कित्येक वर्षांनी गोदीतला गाळ काढतानाही विटा सापडल्या.

जपानी हल्ल्याची अफवा खोटी होती, पण तेव्हा ती अजिबात वेडगळ नव्हती. त्याच महिन्यात इंफाळ आणि कोहिमा इथे लढाई सुरू होती आणि कलकत्त्यावर बॉम्बहल्ले होऊन गेले होते. त्यात युद्धकाळातली सेन्सॉरशिप, त्यामुळे वर्तमानपत्रांत पूर्ण बातमी नाही. अधिकृत माहिती बंद झाली की जागा अफवा भरून काढते. 'त्याच दिवशीच्या पेपरात नाही म्हणजे घडलंच नाही' हा निष्कर्ष इथे कोसळतो.

तपासा: या प्रकरणात 'खोटं' लिहिण्याआधी टिपण मागणारी मुलं किती? निम्म्याहून कमी असतील तर आजच्या मेसेजकडे जाण्याची घाई करू नका. आणखी एक खरं निघणारं प्रकरण घ्या.

## टप्पा 7: आजचा मेसेज

सोप्या जोडीने सुरुवात करा. 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं' आणि 'युनेस्कोने बोरीबंदरच्या स्टेशनाला जागतिक वारसा म्हटलं'. दोन्ही कानाला सारखीच गोड लागतात. दुसरी खरी आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 पासून यादीत आहे आणि यादी कुणालाही पाहता येते. पहिली खोटी. युनेस्को राष्ट्रगीतांना असा कुठलाही क्रमांक देत नाही.

त्यानंतर मुलांनी घरून एकेक मेसेज आणायचा, पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर खोडून. मग तेच पाच रकाने. यात एक जास्तीचा प्रश्न घाला: सुरुवात किंवा शेवट कापलाय का? 2018 साली मुलं पळवणाऱ्या टोळीचे जे व्हिडिओ फिरले, त्यातला एक कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकला होता. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे अशाच अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 निरपराध माणसांना ठार मारलं. हे आठवी-नववीलाच सांगा, आणि कुठलाही व्हिडिओ न दाखवता.

घरी बोलायचं कसं, याचीही तालीम करून घ्या. 'आजी, हे खोटं आहे' म्हटलं की आजी चिडणार. 'आजी, हे तुला कुणी पाठवलं? त्यांनी कुठे पाहिलं?' असं विचारलं की निदान फोन लावला जातो. दोन मुलांना समोरासमोर बसवून ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. वाचून ती जमत नाहीत.

तीन आठवड्यांनी, आधी न सांगता, वर्गात एक नवा दावा टाका. मुलांनी न सांगता तो तुकड्यांत फोडला आणि 'कोणी, केव्हा' विचारलं तर पद्धत अंगवळणी पडली. लगेच निकाल आला, मग तो बरोबर का असेना, तर टप्पा 1 आणि 3 नव्या प्रकरणावर पुन्हा घ्या.